सुवाच्य, सुबोध, वाचनीय : पायथन भाषेतील वाक्यरचना व नामकरणविषयक वादांची चिकित्सा

प्रस्तावना

नैसर्गिक भाषेत एखादा प्रत्यय केव्हा रूढ झाला, एखादा शब्द का टिकला आणि त्याच अर्थाचा दुसरा शब्द का मागे पडला, याची नोंद सहसा कोणी ठेवलेली नसते. शिलालेख, बखरी व बोलींची तुलना यांच्या आधारे भाषाशास्त्रज्ञाला ती अनुमानाने रचावी लागते. संगणकाच्या भाषांचे तसे नाही. त्या हेतुपूर्वक घडविलेल्या असतात आणि त्यांतील ज्या भाषा मुक्तस्रोत पद्धतीने वाढल्या, त्यांच्या बाबतीत प्रत्येक चिन्हामागचा वाद, त्याची तारीख, निर्णय घेणारी व्यक्ती आणि नाकारलेले पर्याय हे सर्व लेखी स्वरूपात उपलब्ध असते. भाषेच्या अभ्यासकाला एरवी दुर्मिळ असणारी ही सामग्री आहे.

पायथन ही भाषा या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगी आहे. ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करीत असताना गिडो व्हान रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये तिची रचना सुरू केली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. २००० सालापासून भाषेतील प्रत्येक महत्त्वाचा बदल ‘पायथन सुधारणा प्रस्ताव’, संक्षेपाने ‘पेप’, या क्रमांकित दस्तऐवजाद्वारे मांडण्याची प्रथा पडली. प्रस्तावाची गरज, त्याचे स्वरूप, त्यावरील आक्षेप आणि फेटाळलेले पर्याय अशी त्याची साधारण मांडणी असते. संगणकक्षेत्रात या दस्तऐवजांकडे तांत्रिक टिपणे म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे भाषाविषयक युक्तिवादाचे लेखन म्हणून पाहिले आहे आणि त्यांतील चार प्रस्तावांची चिकित्सा केली आहे.

अशा वादांची थट्टा करण्याची जुनी परंपरा आहे. अणुभट्टीच्या आराखड्याला काही मिनिटांत संमती देणारी समिती सायकली ठेवण्याच्या शेडवर मात्र घसा कोरडा होईतो बोलत राहते, हे पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात रंगविलेले चित्र संगणकजगतात म्हणीसारखे वापरले जाते. फिलिप वॉडलर यांनी संगणकभाषांपुरता त्याचा एक नियमच सांगितला : भाषेच्या अर्थव्यवस्थेवर सर्वांत कमी चर्चा होते, वाक्यरचनेवर त्याहून अधिक, चिन्हांवर त्याहूनही अधिक आणि टीपा लिहिण्याच्या चिन्हावर सर्वाधिक. या थट्टेत तथ्य आहे. पण ते अर्धेच आहे. शेडचा रंग कोणताही असला तरी सायकल तशीच उभी राहते. चिन्हाचे तसे नसते. यंत्राला अर्थव्यवस्था पुरते, चिन्ह हे माणसासाठीच असते. आणि एकदा लिहिलेली आज्ञावली पुढे अनेकांना अनेकदा वाचावी लागते. म्हणून चिन्हांवर वाद होतो ही तक्रारीची बाब नाही. तो वाद कोणत्या कसोटीवर होतो, हा खरा प्रश्न आहे.

एक शब्द, तीन कसोट्या

पायथनच्या वादांत ‘रीडेबिलिटी’ हा शब्द वारंवार येतो. टिम पीटर्स यांनी रचलेल्या आणि पुढे विसाव्या क्रमांकाचा पेप म्हणून नोंदल्या गेलेल्या एकोणीस सूत्रांतही या गुणाला स्वतंत्र स्थान आहे. वादातील दोन्ही पक्ष त्याचाच आधार घेतात आणि त्यामुळे वाद पुढे सरकत नाही. मराठीत या एका शब्दासाठी तीन शब्द हाताशी आहेत आणि ते तिन्ही भिन्न गोष्टी सांगतात. अक्षर डोळ्यांना स्पष्ट लागते तेव्हा ते सुवाच्य. वाक्याचा अर्थ सायास न पडता लागतो तेव्हा ते सुबोध. आणि एखादे लेखन समग्रपणे वाचावेसे वाटते, त्याचा ओघ वाचकाला पुढे नेतो, तेव्हा ते वाचनीय. छापील दस्त सुवाच्य असतो, सुबोध असेलच असे नाही. पाठ्यपुस्तक सुबोध असूनही वाचनीय नसते, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे. आज्ञावलीच्या बाबतीतही हे तीन निवाडे वेगवेगळे करावे लागतात.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. सुबोध म्हटल्यावर कोणाला, हा प्रश्न लगेच यायला हवा. तो बहुतेक वेळा विचारला जात नाही. पायथनच्या पूर्वेतिहासात तो विचारला गेला होता, हे येथे नोंदविले पाहिजे. व्हान रॉसम ज्या ‘एबीसी’ भाषेच्या प्रकल्पात आधी काम करीत होते, ती लॅम्बर्ट मेर्टेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवशिक्यांसाठी घडविली होती आणि तिच्या रचनेत वापरणाऱ्यांवर केलेल्या चाचण्यांचा आधार घेतला होता. पायथनमध्ये ‘इफ’ किंवा ‘डेफ’च्या ओळीअखेर येणारा अपूर्णविराम हा तेथूनच आलेला वारसा आहे. यंत्राला तो आवश्यक नाही. पुढची ओळ आत सरकलेली आहे एवढ्यावरून त्याला रचना कळते. तो अपूर्णविराम आहे तो माणसासाठी, आणि त्यातही प्रथम वाचणाऱ्या माणसासाठी. पुढील तीस वर्षांत हा प्रथम वाचक वादांतून कसा बाजूला पडत गेला, हे खालील उदाहरणांतून दिसते.

परके चिन्ह

२००१ साली पायथनच्या २.२ या आवृत्तीत वर्गाशी निगडित फंक्शने घोषित करण्याची सोय झाली. पण ती घोषणा फंक्शनचा सर्व मजकूर संपल्यावर, खाली, त्याचे नाव पुन्हा दोनदा लिहून करावी लागे. म्हणजे पत्र वाचून झाल्यावर ते कोणाला उद्देशून होते हे कळावे, तसे. ही माहिती फंक्शनच्या आरंभी कशी आणावी, यावर ३१८ व्या पेपच्या निमित्ताने २००३-०४ मध्ये मोठी चर्चा झाली. कंस, नवा राखीव शब्द, विविध चिन्हे असे अनेक पर्याय सुचले. अखेर ‘@’ हे चिन्ह निवडले गेले आणि नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत ते रूढ झाले. विरोध करणाऱ्यांना एकमताने एक पर्याय मांडण्याची संधी देण्यात आली होती; त्यांनी ‘युझिंग’ हा शब्द असलेली रचना पुढे केली व ती नाकारली गेली.

विरोधकांचे म्हणणे असे की हे चिन्ह कुरूप आहे आणि त्यावरून काहीच अर्थ लागत नाही. दुसरा भाग खरा आहे, परंतु तोच या चिन्हाचा गुण आहे. जी संकल्पना कोणत्याही प्रचलित शब्दात बसत नाही, तिला जवळपासचा शब्द दिल्यास वाचक त्या शब्दाचा जुना अर्थ सोबत घेऊन येतो. अर्थशून्य चिन्ह निदान दिशाभूल करीत नाही. ‘डेकोरेटर’ या नावाबाबत नेमके उलटे घडले. रचनाबंधांवरील प्रसिद्ध ग्रंथात तो शब्द आधीच वेगळ्या अर्थाने वापरलेला होता. पेपच्या लेखकांनी ही अडचण मान्य केली, अधिक चांगले नाव पुढे मिळू शकेल असेही नोंदविले आणि तरीही ते नाव कायम राहिले. चिन्हावर एवढा काथ्याकूट झाला आणि नाव मात्र कबूल केलेल्या दोषासह टिकून राहिले. थट्टेखोरांच्या नियमात नावाला स्वतंत्र पायरीच नाही, हे सहज लक्षात येण्याजोगे आहे. २०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत हेच चिन्ह सारणींच्या गुणाकारासाठीही स्वीकारले गेले. त्यावर तुलनेने फारसा गदारोळ झाला नाही, कारण गणिती वाचकाची गरज स्पष्टपणे दाखवून दिलेली होती.

अट मध्यभागी

चिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रस्ताव ३०८ क्रमांकाचा आहे. एखादी अट खरी असल्यास एक मूल्य आणि खोटी असल्यास दुसरे, हे एकाच राशीत लिहिण्याची सोय पायथनमध्ये नव्हती. लोक ‘अँड’ व ‘ऑर’ यांची जोडणी करून ती गरज भागवीत. पण पहिले मूल्य शून्य किंवा रिक्त असले की ही युक्ती गुपचूप चुकीचे उत्तर देई. २००३ मध्ये प्रस्ताव मांडला गेला. त्याच्या पहिल्या मसुद्यात मूल्य आधी, अट मध्ये आणि पर्यायी मूल्य शेवटी असा क्रम होता. हा क्रम अनेकांना अवघड वाटला. पहिली राशी लांब असेल तर मधली अट नजरेतून निसटते, असा रास्त आक्षेप आला आणि तो मसुदा बदलला गेला. पुढे अनेक पर्यायांवर समुदायाचे मतदान झाले. कोणत्याही पर्यायाला स्पष्ट पाठिंबा मिळाला नाही, म्हणून विषय मिटला. २००५ मध्ये तो पुन्हा उघडला तेव्हा व्हान रॉसम यांनी निवडलेला क्रम आधी मागे घेतलेलाच होता. सप्टेंबर २००६ मध्ये २.५ आवृत्तीबरोबर तो भाषेत आला.

वरवर पाहता हा एका व्यक्तीच्या लहरीचा विजय वाटतो, परंतु २.५ आवृत्तीच्या परिचयलेखात या निर्णयाचा जो आधार दिला आहे, तो महत्त्वाचा आहे. नवी रचना प्रमाण संग्रहातील प्रत्यक्ष आज्ञावलींना लावून पाहण्यात आली आणि ती कशी वाचली जाते हे तपासण्यात आले. बहुतेक ठिकाणी दोन मूल्यांपैकी एक नेहमीचे व दुसरे अपवादाचे असल्याचे दिसले. नेहमीचे मूल्य आरंभी आले की वाक्याचा कणा आधी हाती लागतो. येथे वाद अभिरुचीवरून उठून पाठाच्या वाचनावर आला. समीक्षेला परिचित असलेली हीच पद्धत आहे : विधान करण्यापूर्वी संहिता वाचणे.

मात्र ज्या संहिता वाचल्या गेल्या त्या इंग्रजी वाक्यक्रमाची सवय असलेल्या अनुभवी लेखकांच्या होत्या, आणि निर्णय त्या क्रमाला धरून झाला. इंग्रजीत ‘अमुक कर, जर तमुक असेल, नाहीतर तिसरे’ ही रचना सहज आहे. मराठीत अट आधी येते : ‘पाऊस असेल तर छत्री, नाहीतर काठी’. ‘छत्री, पाऊस असेल तर; नाहीतर काठी’ असे बोलण्यात येऊ शकते, पण तेथे अट मागाहून सुचल्यासारखी जोडलेली असते; तो पुस्ती जोडण्याचा सूर आहे, नियम सांगण्याचा नव्हे. गंमत अशी की सी भाषेतील प्रश्नचिन्ह व अपूर्णविराम यांची जी रचना पायथनकारांनी दुर्बोध म्हणून टाळली, तिचा क्रम मराठी वाक्याच्या क्रमाशी तंतोतंत जुळतो : आधी अट, मग होकारार्थी फल, मग नकारार्थी. म्हणजे मराठी वाचकाला पायथनची रचना अधिक सुवाच्य आहे, कारण तीत शब्द आहेत, आणि सीची रचना क्रमाने अधिक सुबोध आहे. ‘रीडेबिलिटी’ या एकाच शब्दाने हा भेद टिपता येत नाही. निर्णय चुकला असे यावरून ठरत नाही. तो ज्या वाचकासाठी घेतला त्याचे नाव मात्र दस्तऐवजात लिहिलेले नाही.

या युक्तिवादाला एक मर्यादा आहे, तीही नोंदविली पाहिजे. पायथनचे राखीव शब्द म्हणजे सरळ इंग्रजी नव्हे. ‘एलिफ’ हा शब्द इंग्रजीच्या कोशात नाही, ‘डेफ’ हे खुडलेले रूप आहे, ‘लॅम्डा’ हे ग्रीक अक्षर आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यालाही हे शिकावेच लागतात. तेव्हा परकेपणाचे ओझे सर्वांवर आहे. ते समान नाही, इतकेच.

दोन बिंदू आणि एक राजीनामा

‘=’ हे समतेचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये गणितात आणले. फोर्ट्रानने तेच चलाला मूल्य देण्यासाठी वापरले आणि तेव्हापासून ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ या ओळीपाशी प्रत्येक वर्गात एखादा विद्यार्थी अडतो. अल्गोल ६० ने ‘:=’ हे वेगळे चिन्ह घेऊन ही गाठ सोडविली होती; पास्कलने तेच पुढे चालविले, त्यामुळे ज्या प्राध्यापकांनी पास्कल शिकविली त्यांना ते ओळखीचे आहे. सीने ‘=’ ठेवले आणि मूल्यदानाला राशीच्या आतही वाव दिला; परिणामी तुलनेच्या जागी चुकून मूल्यदान लिहिले जाण्याचा दोष कुप्रसिद्ध झाला. पायथनने सुरुवातीपासून मूल्यदान हे स्वतंत्र विधान मानून हा धोका टाळला होता.

२०१८ मध्ये ५७२ क्रमांकाच्या पेपने राशीच्या आत मूल्यदानाची मुभा मागितली. ख्रिस अँजेलिको, टिम पीटर्स आणि स्वतः व्हान रॉसम हे त्याचे लेखक. सुचविलेल्या चिन्हांत ‘ॲज’ हा शब्द सर्वांत घरगुती वाटणारा होता आणि तो फेटाळताना दिलेले कारण या सर्व वादांतील उत्कृष्ट युक्तिवादांपैकी एक मानावे लागेल. ‘विथ’च्या वाक्यात ‘ॲज’ आधीपासून वापरात आहे. तेथे त्यापुढील नावाला राशीचे मूल्य मिळत नाही, तर त्या वस्तूत प्रवेश करताना ती जे देईल ते मिळते. दोन्ही ठिकाणी शब्द तोच, वाक्य दिसायला सारखे आणि अर्थ वेगळा. सुवाच्यता व सुबोधता यांची फारकत येथे अचूक पकडली आहे. ‘@’च्या वेळी जे तत्त्व अंधूक होते ते येथे स्पष्ट झाले : परिचित पण फसव्या शब्दापेक्षा अपरिचित पण प्रामाणिक चिन्ह बरे.

हा पेप पुराव्याबाबतही दक्ष आहे. टिम पीटर्स यांनी आपल्या जुन्या आज्ञावली तपासून कोठे नव्या रचनेने लाभ होतो व कोठे होत नाही, हे परिशिष्टात मांडले आहे. व्हान रॉसम यांनी ड्रॉपबॉक्स या कंपनीतील आज्ञावलींचा शोध घेतला आणि ओळी वाचविण्यासाठी लोक तीच राशी दोनदा लिहितात, वेळप्रसंगी आज्ञावली संथ होऊ देतात, असे त्यांना आढळले. नवशिक्याचा विचार झालाच नाही असे नाही : जेथे साधे ‘=’ चालते तेथे, विधानाच्या आरंभी, ‘:=’ कंसाविना लिहिण्यास मनाई केली आहे, ती दोहोंपैकी कोणते घ्यावे असा पेच पडू नये म्हणूनच. परंतु तो विचार नियमात आहे, पुराव्यात नाही. एबीसीने नवशिक्यांना समोर बसविले होते. २००५ मध्ये प्रमाण संग्रह वाचला गेला. २०१८ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या व्यावसायिकांचे लेखन. पुरावा दर वेळी अधिक काटेकोर झाला आणि त्यातील वाचक दर वेळी अधिक तज्ज्ञ झाला.

प्रस्ताव जुलै २०१८ मध्ये स्वीकारला गेला आणि १२ जुलै रोजी व्हान रॉसम निर्णयाधिकारातून निवृत्त झाले. एका प्रस्तावासाठी एवढे झगडावे लागावे आणि त्यानंतरही अनेकांनी निर्णयाचा तिरस्कार करावा, हे आता नको, अशा आशयाचे त्यांचे निवेदन होते. ‘आजीवन परोपकारी हुकूमशहा’ हे विनोदाने दिलेले पद त्यामुळे रिकामे झाले आणि २०१९ च्या आरंभी पाच सदस्यांचे निर्वाचित सुकाणू मंडळ आले. नवी रचना ऑक्टोबर २०१९ मध्ये ३.८ आवृत्तीत आली. या प्रकरणाकडे बहुधा स्वभावांचा संघर्ष म्हणून पाहिले जाते. वस्तुतः दोन्ही बाजू सुबोधतेचा दावा करीत होत्या आणि एक बाजू दहा हजार ओळींच्या संहितेच्या वाचकाविषयी बोलत होती, तर दुसरी पहिल्या दहा ओळींच्या वाचकाविषयी. हे दोन वाचक वेगळे आहेत हे आरंभीच मान्य झाले असते, तर मतभेद उरला असता; कटुता इतकी उरली नसती.

नावे कोणाची

चिन्हे भाषेची असतात, नावे लिहिणाऱ्याची. ही सीमा ओलांडली गेली की काय होते, याचा प्रत्यय २०१८ मध्येच आला. ३.७ आवृत्तीत ‘असिंक’ हा राखीव शब्द झाला आणि ज्या संग्रहांनी तो आधीच नाव म्हणून वापरला होता, त्यांना आपली नावे बदलावी लागली. २०२१ च्या ३.१० आवृत्तीत ‘मॅच’ आणताना हा धडा घेतला गेला : तो विशिष्ट जागीच राखीव आहे, इतरत्र पूर्वीप्रमाणे नाव म्हणून चालतो.

पण ही नावे कोणत्या लिपीत लिहावीत? २००७ पर्यंत पायथनमध्ये रोमन अक्षरांवाचून गत्यंतर नव्हते. मार्टिन फॉन लोविस यांच्या ३१३१ क्रमांकाच्या पेपने ही अट काढली आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून देवनागरीसह जगातील बहुतेक लिप्यांतील नावे ग्राह्य झाली. या पेपचा युक्तिवाद इतरांहून वेगळा आहे, कारण त्यात वाचकाचे नाव घेतलेले आहे. इंग्रजी नीट न येणाऱ्या माणसाला आपल्या संकल्पनेचे इंग्रजी भाषांतर करावे लागते आणि ते पुष्कळदा चुकते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ज्या अक्षरांसाठी आपल्या कळफलकावर कळच नाही त्यांतील संग्रह आम्ही कसा वापरावा, या आक्षेपाला दिलेले उत्तरही तत्त्वनिष्ठ आहे : संग्रह कोणासाठी आहे हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या रचनाकाराचा.

महाराष्ट्रातील अध्यापकाला या युक्तिवादाची सत्यता पटविण्याची गरज नाही. जमिनीच्या नोंदींसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पोटखराबा’ या शब्दाचे इंग्रजी करावयास सांगितले तर तो काय करील? बहुधा तो शब्द रोमन अक्षरांत लिहील. त्या लेखनात ‘पोट’ आणि ‘पोत’ एकच होतात, ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद जातो आणि इंग्रजी वाचकाला तेथे भांडे दिसते. हे नाव कोणालाच सुबोध नाही. पदवी वर्गांच्या प्रात्यक्षिकवह्यांत ‘ए’, ‘बी’, ‘टेम्प’ अशा नावांची जी गर्दी असते, तिचे खापर आळसावर फोडले जाते. पण जो शब्द ज्या भाषेत सुचला त्या भाषेत लिहिता येतो हे सांगितलेच नाही, तर विद्यार्थी दुसरे काय करणार? परदेशी पुस्तकांतील ‘स्पॅम’ आणि ‘एग्ज’ ही नावे माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या कार्यक्रमातून आली आहेत, जिच्यावरून भाषेचेही नाव पडले. आपल्या विद्यार्थ्याला ती निरर्थक ध्वनीसारखी असतात आणि तरीही तो ती निमूटपणे उतरवून घेतो. पायथनमध्ये ‘सेल्फ’ हा राखीव शब्द नाही, केवळ संकेत आहे. त्या जागी ‘स्वतः’ लिहिले तरी आज्ञावली चालते, ही गोष्ट वर्गात एकदा करून दाखविण्याजोगी आहे.

या उदारतेला मर्यादा आहेत. लेखनशैलीविषयीच्या आठव्या पेपनुसार प्रमाण संग्रहातील नावे रोमन अक्षरांतच हवीत आणि शक्य तेथे इंग्रजी हवीत. इतर भाषिकांनी टीपाही इंग्रजीत लिहाव्यात, आपली आज्ञावली परभाषिक कधीच वाचणार नाही याची १२० टक्के खात्री असेल तरच अपवाद. परस्परांचे लेखन वाचता यावे यासाठी जागतिक सहकार्याच्या प्रकल्पाला असा संकेत लागतो, हे मान्य करावे लागेल. राखीव शब्दही भाषांतरित करावेत, ही मागणी मात्र टिकणारी नाही. जर्मन एक्सेलमध्ये बेरजेच्या सूत्राचे नाव जर्मन असते आणि तीच फाइल अन्यत्र इंग्रजीत उघडते, कारण तेथे साठवण आणि दर्शन वेगळे ठेवले आहे. पायथनची आज्ञावली म्हणजे साधा मजकूर. जे लिहिले तेच साठविले जाते. तेथे राखीव शब्दांची भाषांतरे म्हणजे एका भाषेच्या अनेक भाषा.

खरी उणीव अन्यत्र आहे आणि ती बारीक असल्याने दुर्लक्षित राहिली आहे. पायथनमध्ये ‘वर्ग_१’ हे नाव चालते. ‘१२३’ ही देवनागरी अंकांची अक्षरमाला दिली तर पूर्णांकाचे फंक्शन तिचे संख्येत रूपांतरही करते. परंतु मजकुरात संख्या म्हणून १२३ लिहिले तर ते अमान्य होते. तीन ठिकाणी तीन न्याय. त्याहून अडचणीचा प्रश्न ‘शेतकऱ्यांची_संख्या’ या नावाचा आहे. मराठीतील हा अर्धा, डोळ्याच्या पापणीसारखा ‘र’ युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह घेऊन. दुसरा मार्ग जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी प्रमाणात ठेवलेला आहे आणि जुन्या मजकुरात तो भेटतो. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात. पायथन पहिले स्वीकारते आणि दुसऱ्यावर वाक्यरचनेचा दोष दाखविते, कारण ३१३१ व्या पेपने नावांसाठी घेतलेल्या अक्षरगटात हे जोडचिन्ह नाही. नावांविषयीच्या युनिकोडच्या परिशिष्टात अशा चिन्हांना मर्यादित संदर्भांत वाव देण्याची तरतूद होती. पायथनने ती घेतलेली नाही.

डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच सुवाच्य, मराठी वाचकाला सारखीच सुबोध, आणि तरीही शेजारी बसलेल्या दोघा विद्यार्थ्यांपैकी एकाची आज्ञावली चालते व दुसऱ्याची अडते. चूक दाखविणाऱ्या ओळीत ती कितीही निरखली तरी दिसत नाही. ज्या दस्तऐवजांत ‘@’ आणि ‘:=’ यांच्यासाठी पानेच्या पाने खर्ची पडली, त्यांत या अक्षराची बाजू मांडणारा वाचक नव्हता. पेप कोणालाही लिहिता येतो. लेखक भाषेच्या मूळ विकासकांपैकी नसेल तर त्यांच्यातील एखादा पुरस्कर्ता मात्र मिळवावा लागतो. अशा प्रस्तावात गरज स्पष्ट करणाऱ्या उदाहरणाची अपेक्षा असते. ‘शेतकऱ्यांची_संख्या’ हे दोन प्रकारे लिहून दाखविले तर ती पूर्ण होईल.